बाळकुमचा डेमो

"आज संध्याकाळी बाळकुमला एक मशीन विकून दाखवलं नाही, तर नावाची विनिता नाही!" असं मी भर ऑफिसात ऋतुराज सरांना ठणकावून सांगितलं. सांगावंच लागलं हो! आमचं ऑफिस वर्तकनगरला, धंदा पाण्याचे फिल्टर विकायचा, आणि सर म्हणजे सतत फुरफुरणारा कुकर. 'गुड मॉर्निंग'ऐवजी ते म्हणायचे, "टार्गेट हुकलं की घरी बसायचं!" आणि या महिन्यात माझं हुकत आलेलं.

"मग मीही येतो," सर म्हणाले. "बघू कशी विकतेस!"

मी लगेच डेमोच्या यादीतल्या बाळकुमच्या कमळाबाईंना फोन लावला.

"काकू, तुम्ही नाव नोंदवलेलं ना? संध्याकाळी आमच्या सरांना घेऊन येऊ?"

"अगं, या की! कधीची वाट बघतोय आम्ही!"

"नुसतं बघून घ्या. पसंत पडलं तरच पुढचं."

"किती समजूतदार माणसं गं तुम्ही!"

एवढं गोड गिऱ्हाईक! माझे तर डोळेच भरून आले.

संध्याकाळी पोचतो तर दारात रांगोळी. टेबलावर पोहे, वर खोबऱ्याचा डोंगर! मशीन खाली गाडीतच होतं. "आधी विश्वास, मग मशीन," हा सरांचा मंत्र.

कमळाबाईंचे यजमान, जगनकाका, सरांना न्याहाळत म्हणाले, "पुढे काही त्रास नाही ना व्हायचा?"

"काका, दहा वर्षं बघायला नको!" सर ठासून म्हणाले.

"आणि दहा वर्षांनी?"

"जुनं द्यायचं, नवीन न्यायचं! एक्स्चेंज!"

काका बशीसकट उभे राहिले. "माझ्या पोरीला एक्स्चेंज करतोस?"

"कुठली पोरगी?" मी किंचाळले.

तेवढ्यात आतून आसावरी चहाचा ट्रे घेऊन आली. पैठणीत!

"तुम्ही वधूवर मंडळाकडून ना?" कमळाबाईंचा आवाज चिरकला.

"आम्ही... फिल्टरवाले, काकू."

आता काका मारतात की सर, एवढंच बघायचं होतं. पण आसावरी एकदम हसत सुटली. ट्रे डुगडुगायला लागला आणि सर धावले की हो ट्रे धरायला! ऑफिसात माझं पेन पडलं तर त्यावर पाय देऊन जाणारा माणूस!

"हिला रोज किती वाजता सोडता?" आसावरीने माझ्याकडे बोट दाखवत सरांना विचारलं.

"टार्गेट झालं की."

"आणि तुम्ही?"

"मी... निघतच नाही."

"अरेरे! मग तुमच्याशी कोण लग्न करणार?"

सरांनी ट्रे टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तशी... सहाला निघायची तयारी आहे माझी."

जगनकाका हळूच खाली बसले. कमळाबाईंनी सरांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

परवा दोघांचा साखरपुडा झाला. हल्ली सहाच्या ठोक्याला सरच पंखे बंद करतात आणि आम्ही सगळे गुपचूप त्यांच्या मागोमाग सटकतो. त्या महिन्याचं टार्गेट विचारायचंच ते विसरले. मी कशाला आठवण करू?

फिल्टर मात्र सासरेबुवांकडे सरांनी स्वतः जाऊन बसवला. फुकट! माझ्या खात्यात तो धरलाच नाही मेल्याने.