गावंडे सर आणि फरशीखालची हवा

गावंडे सर कुणाच्याही घरी गेले की आधी फरशी पाहतात, मग माणसं. मागे शेजारच्या मुलीला पाहायला चांदूर रेल्वे गावची मंडळी आली होती. पोहे संपत आले तसं सरांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या घराखाली काय आहे हो?"

"दोन दुकानं."

"त्याच्याखाली? काळी माती का मुरूम?"

लग्न ठरलं. अर्थात सरांमुळे नव्हे.

मुलांनो, तुम्ही व्हिडिओ कॉलवर नेहमी विचारता ना, की आजी, तुझ्या छताला ती काळी डबी कसली टांगली आहे? ती या सरांची. ते आमच्याच गल्लीत राहतात, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू निघतो. रंग नाही, वास नाही. उघड्यावर उडून जातो. बंद घरात साचला आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला, तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. कुठल्या मातीवर, कुठल्या दगडावर तो किती, याचा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत नकाशा करायचा, हा सरांचा ध्यास. डबीतल्या फिल्मवर हा वायू बारीक ओरखडे काढतो. ते ओरखडे प्रयोगशाळेतून मोजून आणायचे आणि नकाशात रंग भरायचा.

गंमत म्हणजे डबी लावल्यावर दारं-खिडक्या बंद हव्यात. सर भर मे महिन्यात बडनेऱ्याच्या एका रेल्वेवाल्याला म्हणाले, "कूलर लावू नका." तो उसळला, "सर, तुमच्या वायूनं मरायले मले वीस वर्षं लागतीन. कूलर बंद केला तर आजच मरतो!" तेव्हापासून डब्या हिवाळ्यात लागतात. एका बाईंनी तर सरांची वस्तू हरवू नये म्हणून डबी लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवली होती. सर कळवळून म्हणाले, "बाई, कपाटात कोण झोपून राहिलं?"

नकाशा भरत गेला. सगळीकडे हिरवा रंग, म्हणजे धोका कमी. कोरं राहिलं ते सरांचं स्वतःचं घर. विचारलं की म्हणत, "होईन सावकाश."

कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, आमच्या शकूताईंना, फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. त्या माउलीनं कधी तंबाखूला बोटही लावलं नव्हतं. ऑपरेशन झालं, त्या बऱ्या झाल्या, पण अजून अकोल्याला लेकीकडेच होत्या. सरांनी घर बांधलं तेव्हा प्लॉटवर जुनी विहीर होती. ती मुरूम टाकून बुजवली आणि वर झोपायची खोली काढली. "वहिनी, अशा भरावातून हवा सरळ वर चढते," एवढंच ते एकदा मला म्हणाले. आकडा मोठा आला तर शकूताईंना त्या घरात आणता येणार नाही, आणि त्यांच्या दुखण्याला आपणच कारण झालो असं वाटून हा माणूस खचून जाईल, हे मला दिसत होतं.

या हिवाळ्यात मीच स्टुलावर चढून त्या खोलीत डबी टांगली. सर स्टूल धरून उभे होते. डबी टांगून होईपर्यंत त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

काल भर दुपारी दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून ते धावत आले. "वहिनी! कमी आला! एकदम कमी! आपल्या जमिनीखालचा काळा दगड लय गरीब स्वभावाचा आहे!" आनंदानं त्यांनी माझा चहा सांडला, माझीच माफी मागितली आणि पुन्हा सांडला. मी अकोल्याला फोन लावून स्पीकर सुरू केला. सरांनी आकडा सांगितला, खडक सांगितला, खडकाचं वय सांगितलं.



"आकडा राहू द्या," शकूताई म्हणाल्या. "डॉक्टरनं संक्रांतीलेच सांगितलं घरी जा म्हणून. तुमी न्यायले काहून नाही आले?"

"मले वाटलं, त्या घरानंच तुले..." सर म्हणाले.

"अन् मले वाटलं, आता मीच नकोशी झाली तुमाले."

सर उठले. "अकोल्याची गाडी असंन आता," एवढंच पुटपुटले आणि निघालेच. फोन तसाच चालू.

"गेले का हो?" शकूताईंनी विचारलं.

"गेले."

"या उन्हाचे? डोक्याले दुपट्टा तरी बांधला का?"

मी खिडकीतून पाहिलं. सर बोडक्यानंच गल्लीच्या टोकाला पोचले होते, जवळजवळ पळत.

"बांधला," मी म्हणाले.