आबाजींचं रान उघडेना

सकाळचा चहा झाला की आबाजी रानात जायचे. म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातल्या संगणकासमोर खुर्ची ओढून बसायचे.

रहाटणीतलं त्यांचं खरं रान विकून बरीच वर्षं झाली होती. तिथं आता ‘सिल्व्हर पर्ल’ नावाची चार टॉवरांची सोसायटी उभी होती. पण त्यांच्या मुलानं, रणजीतनं, त्यांना एक नकाशा दाखवला होता. आभाळातून काढलेल्या फोटोंचा. त्यात खाली एक पट्टी होती. ती डावीकडे सरकवली की वर्षं मागे जायची. टॉवर बुटके व्हायचे, मग खड्डा दिसायचा, मग खड्डाही बुजायचा आणि हिरवंगार रान वर यायचं. विहीर, ओढा, बांध, सगळं जिथल्या तिथं. आबाजी माऊस धरून ओढ्यानं वर जायचे, विहिरीला वळसा घालायचे, बांधाबांधानं परत यायचे. तासभर गेला की डोळे चोळत उठायचे.

“जाऊन येतो गं रानात,” असं ते रोज सांगून बसत.

“चपला घाला. काटं हायत,” स्वयंपाकघरातून छबूबाई म्हणत.

त्या गुरुवारी मात्र रान उघडलं नाही. पडद्यावर पांढरा फटक कागद आला आणि त्यावर लिहिलं होतं, ‘या साइटशी जोडता येत नाही.’ आबाजींनी दुसरा ब्राउझर उघडला. तोही तेच म्हणाला. आदल्या संध्याकाळी संगणकानं स्वतःहून सुरू केलेलं अपडेट त्यांना आठवलं. ‘बंद करू नका’ असं त्यानं बजावलं होतं आणि आबाजींनीही व्यायला आलेल्या म्हशीजवळ बसावं तसं समोर बसून ते पार पाडलं होतं. आता त्याचं हे फळ.

एरवी त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली असती. पण आज खंडूतात्या येणार होते.

खंडूतात्या म्हणजे आबाजींचे चुलतभाऊ. दोघांची रानं लागून होती, मध्ये फक्त एक बांध, आणि बांधावर एक चिंच. जमिनी विकल्या, पैसा आला आणि आबाजी रहाटणीतच फ्लॅटमध्ये राहिले, तर खंडूतात्या आळंदीकडे गेले. लग्नकार्यात भेट व्हायची, पण एकमेकांच्या घरी जाणं कधी थांबलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत खंडूतात्या शेजाऱ्याला सहज म्हणाले, “आमच्या चिंचेखाली गुऱ्हाळ लागायचं.”

“आमच्या,” आबाजी समोरून म्हणाले.

“आमच्या म्हंजी तुमच्या?”

“व्हय. बुंधा आमच्या अंगाला व्हता.”

हातातली जिलेबी हातातच राहिली. वाढपी दोनदा येऊन गेले. शेवटी आबाजींनी साऱ्या भावकीदेखत सांगितलं, “गुरुवारी घरी ये. वरनं काढलेला फोटू दाखवतो. चिंच तुझ्या अंगाला निघाली, तर मीच समद्यांना सांगीन की चिंच खंडूची.”

आणि आज गुरुवार उजाडला होता. फोटो पळाला, तर भावकीत काय तोंड दाखवायचं?

त्यांनी रणजीतला फोन लावला. तो चाकणला कंपनीत शिफ्टवर होता. मागे मशिनचा खडखडाट चालू होता.

“बाबा, वायफाय आहे का?”

“हाय की. तुझ्या आईच्या मोबाईलवर कीर्तन चाललंय.”

“मग राउटर एकदा बंद करून चालू करा!”

आबाजींनी भिंतीतली पिन उपटली. पुढच्याच क्षणी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सून पूनम बाहेर आली. कानात हेडफोन, चेहऱ्यावर अमावस्या. ती घरूनच काम करायची आणि त्या वेळी तिची परदेशातल्या क्लायंटशी मीटिंग रंगात आली होती.

“मामा, इंटरनेट कुणी बंद केलं?” सासऱ्यांना ती माहेरच्या पद्धतीनं मामा म्हणे.

“तुझ्या नवऱ्यानं.”

“तो चाकणला आहे.”

“तिथनंच केलं. माझ्या हातानं.”

पूनमनं पिन लावली, दिवे हिरवे होईपर्यंत राउटरकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “माझी मीटिंग एकपर्यंत आहे. तोवर कुणी काहीही बंद करायचं नाही. नंतर मी बघते.”

“एकला काय बघती? खंडू आकराला यायचाय. तुझ्या लॅपटॉपवर...”

“तो ऑफिसचा आहे, मामा. त्यावर आपलं रान उघडत नाही.” दार बंद झालं.

मोबाईलवर नकाशा होता, पण त्यात वर्षं मागे सरकत नव्हती. नुसते टॉवर. टॉवर बघायला खंडूतात्यांना आळंदीहून कशाला बोलवायचं?

मग आबाजींनी शेखरला गाठलं. त्यांच्या गल्लीत इंटरनेटची लाईन त्याचीच. शेखर आला, स्वतःचा मोबाईल वायफायला जोडून बघितला आणि म्हणाला, “आबा, माझी लाईन एकदम ओके. तुमच्या ब्राउझरमध्ये लोच्या आहे. काढून परत टाकू.”

“काढ.”

शेखरनं ब्राउझर काढून टाकला. मग नवा उतरवून घ्यायला गेला आणि थबकला. नवा ब्राउझर आणायला चालू ब्राउझर लागत होता आणि दुसराही तर बंदच होता.

“म्हंजी विहिरीत पडलेला पोहरा काढायला पोहराच पायजे,” आबाजी म्हणाले.

“थांबा, दुकानातून पेन ड्राइव्हवर आणतो.”

तो आणायला गेला, येताना वाटेत दोन तक्रारी ऐकून आला, आणि नवा ब्राउझर बसवून ‘झालं, आबा’ म्हणत छबूबाईंनी पुढे केलेला चहा घ्यायला वळला. तेवढ्यात आबाजींनी पुढे वाकून पडद्यावर कसलीशी टिचकी मारली आणि समाधानानं मागे टेकले. शेखरनं बशी खाली ठेवून पाहिलं तर नवा ब्राउझरही म्हणत होता, ‘या साइटशी जोडता येत नाही.’

“आबा, आता हा कॉम्प्युटरच गेला म्हणायचा,” शेखर म्हणाला आणि तिसऱ्या तक्रारीसाठी निघून गेला.

दारात तो आणि खंडूतात्या एकमेकांना घासूनच गेले. कडक इस्त्रीची टोपी, हातात काठी, चेहऱ्यावर खटला जिंकायला आल्याचा रुबाब. पाणीही न पिता ते म्हणाले, “हां, दाखव फोटू.”

“जरा अपडेट झालंय.”

“काय झालंय?”

“म्हंजी... कंपनीनं त्याला नवं केलंय.”

“नवं केल्यावर त्यात जुनं कसं दिसंल?” खंडूतात्यांनी काठी भिंतीला टेकवली. “न्हाई त्ये सांगू नगं, आबा. चिंच माझ्या अंगाला हाय, त्ये तुला कळलंय.”

आबाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “फोटू ऱ्हाऊ दे. चल. जाग्यावर नेऊन दाखवतो!”

“आता कुठं उन्हाचं?” छबूबाई म्हणाल्या, पण खंडूतात्यांनी काठी उचलली होती आणि दोघं जिना उतरलेही होते.

सिल्व्हर पर्लच्या फाटकावर जयसिंग नावाचा लातूरकडचा वॉचमन होता. त्यानं मोबाईल पुढे धरला. “कुणाकडं जायचंय बाबा? फ्लॅट नंबर सांगा, ॲपमध्ये टाकावं लागतंय.”

“फ्लॅट न्हाई,” आबाजी म्हणाले. “आमच्या रानात जायचंय.”

“चिंच बघायला,” खंडूतात्यांनी भर घातली.

जयसिंगनं दोघांकडे बघितलं. मग टॉवरांकडे बघितलं. “किती एकर होतं?”

“ह्याचं चार, माझं साडेतीन,” खंडूतात्या म्हणाले.

“माझं औश्याजवळ दोन आहे,” जयसिंग म्हणाला. त्यानं मोबाईल खिशात घातला आणि फाटक उघडलं. “लवकर या. सेक्रेटरी बघतील.”

विहीर सापडायला वेळ लागला नाही. तिच्या जागी पोहण्याचा तलाव झाला होता. “पानी हितंच लागणार,” खंडूतात्या म्हणाले आणि एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. विहिरीपासून बांध कुठं जायचा हे मात्र पायांनाच ठाऊक होतं. दोघं खाली मान घालून, पावलाला पाऊल लावत निघाले. फुलझाडांचा वाफा ओलांडला, लहान मुलांच्या घसरगुंडीखालून वाकून गेले आणि उतारावरून तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरले.

“हा बांध,” आबाजी दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभे राहून म्हणाले. “आन् ह्यो खांब, तिथं बुंधा.”

“खांब न्हाई. ती पांढरी गाडी हाय ना, तिच्या डिकीत बुंधा.”

“डिकीत तर तुझं गुऱ्हाळ!”

तेवढ्यात हॉर्न वाजला. एक तरुणी गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाली, “काका, बाजूला होता का? ही माझी पार्किंग आहे.”

“बाई, ह्यो माझा बांध हाय,” आबाजी म्हणाले.

“म्हणजे?”

“थांब, आबा. पोरीला येऊ दे.” खंडूतात्यांनी आबाजींचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. गाडी बांधावर येऊन उभी राहिली. ती तरुणी उतरली, दोघांकडे एकदा संशयानं बघून लिफ्टकडे गेली. खंडूतात्यांचा हात आबाजींच्या दंडावर तसाच राहिला.

खांबाजवळ एक ओटा होता, त्यावर दोघं टेकले. वर पाइप होते, कुठूनतरी पाणी ठिबकत होतं. थंडगार होतं.

“हितं दुपारचं असंच गार असायचं,” खंडूतात्या म्हणाले.

“तुझा ढवळ्या बुंध्याला मान घासायचा.”

“तुझी भाकर मी खायाचो. वैनी लसनाची चटनी लय झकास करायच्या. आमची तानु कवाच तशी करत न्हाई. सांगू नगं तिला.”

आबाजी हसले.

“आळंदीला घर मोठं हाय रे,” खंडूतात्या म्हणाले. “पन बसायला जागा न्हाई.”

आबाजींनी जरा सरकून खंडूतात्यांना ओट्यावर आणखी जागा करून दिली. तेवढ्यात आबाजींचा मोबाईल वाजला. पूनम होती.

“मामा, माझी मीटिंग संपली. एक सांगा. काल अपडेट झाल्यावर कॉम्प्युटरनं तुम्हाला काही विचारलं होतं का?”

“इचारलं की. दोनदा.”

“काय विचारलं?”

“या प्रोग्रामला बाहेर इंटरनेटवर जाऊ देऊ का, असं कायतरी. मी न्हाई म्हणलं.”

“आणि आज?”

“शेखर चहा पीत व्हता तवा परत आलता इचारायला. लय चिवट. मी परत न्हाई म्हणलं.”

“मामा, तो आपलाच कॉम्प्युटर विचारत होता. अपडेटनंतर तो एकेका ब्राउझरसाठी परवानगी मागत होता.”

“रणजीतच म्हणला व्हता. पडद्यावर कुणी काय बी इचारलं तर न्हाई म्हणायचं. लोकं फसवत्यात.”

“बरोबर आहे,” पूनम म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “तुम्ही सगळ्यांना आत कोंडून ठेवलंय. मी सोडलेत. या घरी, रान उघडलंय.”

दोघं उठले. येताना काठी आबाजींच्या हातात होती आणि खंडूतात्या त्यांचा खांदा धरून चालत होते. फाटकावर जयसिंगनं विचारलं, “सापडली का चिंच?”

“घरी हाय,” आबाजी म्हणाले.

घरी चौघं संगणकासमोर बसले. आबाजींनी पट्टी डावीकडे ओढली. टॉवर गेले, खड्डा आला, खड्डा गेला. आणि रान आलं. खंडूतात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आबाजींनी बांध धरून चिंचेपर्यंत नेलं आणि फोटो मोठा केला. चिंच होती. गोल, गच्च, काळपट हिरवी. तिचा घेर बांधाच्या ह्या अंगालाही होता आणि त्या अंगालाही.

“बुंधा कुठंय?” खंडूतात्यांनी विचारलं.

आबाजींनी आणखी मोठं केलं. नुसता घेर पसरट झाला. वरून बघितल्यावर झाडाचा बुंधा कसा दिसणार, हे इतक्या सकाळींमध्ये त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“वरनं नुसती सावलीच दिसती,” छबूबाई म्हणाल्या.

आबाजी खंडूतात्यांच्या टोमण्याची वाट बघत राहिले. पण खंडूतात्यांचं बोट पडद्यावर वर सरकलं होतं. “आबा, जरा बांध वलांड की. माझ्या रानात ने मला.”

आबाजींनी माऊस वर ढकलला. रोज तासभर हिंडूनही ते बांधाच्या पलीकडे कधी गेले नव्हते. कांद्याचे वाफे आले, गोठ्याचे पत्रे आले, कडब्याची गंजी आली. आणि खंडूतात्या खुर्चीतून अर्धे उठले.

“थांब! गंजी उघडी हाय. ताडपत्री कुठंय?” त्यांनी खिशातून मोबाईल काढला. पलीकडे त्यांची बायको, तानुबाई, होती. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. “ए, तू म्हणायचीस ना, ताडपत्री टाकली म्हणून? न्हाई टाकल्याली! मी आत्ता डोळ्यानं बघतोय. गंजी समदी उघडी!”

“कुटली गंजी?”

“आपली! रानातली! आबाच्या कॉम्प्युटरात दिसतीय.”

पलीकडे आवाज बंद झाला. खंडूतात्यांना वाटलं फोन कट झाला. मग तानुबाई हळूच म्हणाल्या, “आन् कालवड? कालवड दिसती का?”

खंडूतात्या पडद्याला नाक लावून शोधू लागले. गोठ्यापुढचं अंगण रिकामं होतं. त्यांनी आबाजींकडे बघितलं.

“दिसती म्हणून सांग,” आबाजी पुटपुटले.

“हाय,” खंडूतात्या फोनमध्ये म्हणाले. “सावलीला बसलीय.”

“बसू द्या. उठवू नगा तिला,” तानुबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.