ग्रहसारथीची हकालपट्टी

मी ठरवलं, आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला आज बाहेर काढायचंच. (पप्पांना नाही. खोली त्यांच्या नावावर आहे.)

म्हातारा म्हणजे आमच्या कंप्युटरमधला 'ग्रहसारथी'. पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर. पप्पांनी वीस वर्षांपूर्वी सीडीवरून घातलेलं. मधल्या काळात कंप्युटर तीनदा बदलला, पण हा नव्या सुनेबरोबर पाठराखीण यावी तसा दरवेळी मागोमाग आला. मशीन चालू केली की आपणहून उठतो, शंख फुंकतो आणि राहुकाळ सांगतो. बंद केला की पाच मिनिटांनी परत हजर. लालबागच्या आमच्या चाळीत अशी माणसंही आहेत, पण त्यांना निदान चहा पाजून वाटेला लावता येतं.

मागच्या आठवड्यात मी त्याचं स्क्रीनवरचं चिन्ह पुसलं आणि बहिणीला, आकांक्षाला, मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बघ, उडवला!" दुसऱ्या दिवशी सकाळी शंख वाजला.

"दादा," ती म्हणाली, "मयत उठून बसलंय."

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला. त्यामुळे गॅलरीतला प्रत्येक म्हातारा मला 'पुढे काय?' विचारतो. स्वतः चाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसून. आज चारच्या आत एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट सुरू करायची होती. डिग्री न मागणारी पहिलीच कंपनी! अट एकच: दुसरा कुठलाही प्रोग्रॅम चालू नको. तीन वाजता टेस्टचं पान उघडलं, तर लाल अक्षरांत सूचना: 'ग्रहसारथी' काढल्याशिवाय परीक्षा सुरू होणार नाही.

मी तो काढायला घेतला. चौकट आली: '३१ पत्रिका कायमच्या पुसल्या जातील. हो / नाही?'

म्हटलं, पप्पांनी चाळभर फुकट पत्रिका वाटल्यात, कुणाचं तरी लग्न माझ्या बोटाखाली मोडायचं. म्हणून यादी उघडली.

वैभव १.४०. वैभव १.४७. वैभव १.५२ बरी. वैभव १.५८ सरकारी नोकरी. वैभव २.०३ नको नको.

एकतीसच्या एकतीस मीच!

"पप्पा, मी एकदाच जन्मलो ना?"

पप्पा चष्मा पुसत आले. "तुझ्या जल्माच्या टायमाक हॉस्पिटलातलां घड्याळ बंद होतां. मग खरो टाइम शोधूक नको?"

"एकतीस वेळा?"

"आधी चारच होत्यो. तू डिप्लोमा सोडलंस, मग वाढल्यो."

"मला विचारायचं तरी!"

"तुका काय विचारूचा? तू तेव्हा रडत होतंस."

दोन वर्षं मी चिडून होतो, की या माणसाने माझा कधी विचार केला नाही. केला होता. अगदी मिनिटामिनिटाने. फक्त उलट्या दिशेने, पुढचं सोडून जन्माकडे.

साडेतीन वाजले. मी सरळ सांगितलं, "हे गेलं तरच टेस्ट. आणि हे गेलं की तुमचे एकतीस वैभव गेले."

पप्पांनी यादीवर बोट ठेवलं. "एक पण ठेवूक येणा नाय? एक अठ्ठावनवालो?"

"नाही."

त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि ढेकूण चिरडावा तसं 'हो' दाबलं.

'नक्की?' ग्रहसारथीने विचारलं.

हो.

'पुन्हा विचार करा.'

"एकदा सांगितलां ना, मेल्या!" पप्पा ओरडले. वीस वर्षांच्या सोबत्याला.

कंप्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. शंख नाही. इतकी शांतता पसरली, की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झाला? लाइट गेले?"

तीन अठ्ठावन्नला टेस्ट सुरू झाली. पप्पा दारात स्टूल टाकून बसले. डबा परत करायला आलेल्या शेजारच्या रमाबाईंना त्यांनी बाहेरूनच परतवलं, "आत परीक्षा हा!" मी बिनकामाचा आहे हे याच रमाबाईंना त्यांनीच दोन वर्षं ऐकवलं होतं.

संध्याकाळी निकालाची मेल आली. मी वाचायच्या आत पप्पांनी फोन हिसकावला आणि गॅलरीत जाऊन मोठ्याने वाचू लागले.

"कंप्युटरची कामगिरी: उत्तम!"

दोन-तीन दारं उघडली.

"नेटवर्क: उत्तम!"

रमाबाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"उमेदवार..." पप्पांचा आवाज उतरला. "पन्नासपैकी एकोणीस. पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येईल."

उघडलेली दारं आपणहून बंद झाली. (आयुष्यात पहिल्यांदा.) मी बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मशीन स्लो आहे, ही नेहमीची सबब आता चालणार नाही.

पप्पांनी फोन माझ्या हातात दिला. "पंधरा दिवस हत ना? बस मग अभ्यासाक. मी आसंय दारात."

मी खरंच बसलो. मशीन चक्क दीड मिनिटात चालू झाली. आकांक्षाने खांद्यावरून डोकावून मशीनवरून हात फिरवला.

"शाब्बास," ती कंप्युटरला म्हणाली, "घरातलं एक तरी पोर पास झालं."