गाडा शिवेवर अडविला, त्याची हकिकत

श्रीमरीआईस दंडवत. कोंबडीपासून बैलापर्यंत मुक्या जिवांची राखण करणारीस नमून, जे ऐकिले व जे डोळां देखिले ते लिहितो. उणे पडेल तेथे शहाण्यांनी सांभाळून घ्यावे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आषाढमासी एका दौलतीत कोंबड्यांस मानमोडी लागली. दौलतीचे नाव घेण्याचे कारण नाही. पक्षी माना वाकड्या करोन गरगर फिरो लागले, आणि सकाळी खुराडे उघडावे तो आत मेलेले सापडो लागले. हुजुरांनी पूर्वीच रोगटेहळणीचे खाते उभारिले होते, आणि ताकीद दिली होती की पक्षी मरताच खबर द्यावी. परंतु खबर पोचली की खात्याची माणसे येत आणि घरच्या साऱ्या कोंबड्या पुरून टाकीत, आणि बदल्यात एक पीसही हाती ठेवीत नसत. मग खबर कोण देतो? खात्याचे मुख्य विश्रामराव हुजुरांस "राज्यात रोग नाही" ऐसे कळवीत, आणि हुजूर संतोष पावोन त्यांस शाल देत. ऐसी शाल पांघरोन यांस घाम कैसा फुटत नसे, हे आम्हांस नकळे.

ते समयी द्वारकाबाई म्हणोन जनावरांच्या डॉक्टरीणबाई डोंगरपट्टीत नेमिल्या गेल्या. बाई मोठ्या हट्टाच्या. त्या डोंगरसोंड गावी पोचल्या तो गावात आरवणे नाही. पुसिले तर लोक म्हणती, "पावन्यांनी खाल्ल्या." बाई मनी म्हणाल्या, पाहुणे बहुत खादाड दिसतात. इतक्यात गावाने मरीआईचा गाडा सिद्ध केला. रीत ऐसी की, रोगराई आली म्हणजे लहानसा लाकडी गाडा करावा, त्यावर देवी बसवावी, एक जिवंत कोंबडी बांधावी, आणि वाजतगाजत पुढील गावच्या शिवेपलीकडे लोटावा. तेणे रोग देवीसंगे गेला. पुढील गावाने तैसाच पुढे लोटावा. बाईंनी पाहिले, गाड्याची कोंबडी मान टाकोन बसली आहे. आणि पुढील गाव बाजारवाडी, तेथील बाजारातून कोंबड्या अवघ्या दौलतीत जातात. मग बाई धावत शिवेवर गेल्या आणि वाटेत बसल्या.

वाजंत्री थांबली. डोंगरसोंडचे पाटील दगडूजी रागे भरोन बोलिले, "बाई, उठा. देवीची वाट अडवू नगा."

"देवीला कोण अडवतंय, पाटील? देवी खुशाल जाऊ द्या. ही कोंबडी मात्र इथंच राहील."

"कोंबडीबिगर गाडा कसा जाईल? देवी कोपली तर तुमी निस्तरणार?"

"कोपली तर माझ्यावर कोपू द्या. मी इथून हलत नाही."

पलीकडे बाजारवाडीचे लोक उभे होते. त्यांत गिरजाबाई, गाड्यास पहिला हात लावण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. गिरजाबाई एकल्या, संसार सारा कोंबड्यांवर. द्वारकाबाईंनी त्यांकडे वळोन पुसिले, "तुमच्या गावात काही मेलंय का?" सारे एकमुखाने म्हणाले, "न्हाई." मग गिरजाबाईंनी पदर कसला आणि पुढे येऊन बोलिल्या, "खोटं हाय. माझ्या मेल्यात. डोंगरसोंड माझं म्हायेर. तिथं मर लागली, तशी भावजयीनं उरलेल्या कोंबड्या जगाव्या म्हनून माझ्याकडं धाडल्या. त्यांच्या संगंच आलं. गाडा यायच्या आधी रोग माझ्या दारात हाय. आता कुनाच्या दारात लोटू?"

 दगडूजींनी मान खाली घातली आणि हातची गाड्याची दोरी सोडिली.

मग बाजार बंद जाहला, शेजारच्या धडधाकट कोंबड्यांस लस टोचिली, आणि गिरजाबाईंच्या साऱ्या पुरिल्या. त्यांत सरदार नामे तांबडा कोंबडा होता; तो त्यांनी स्वहस्ते आणोन दिला आणि खड्ड्याकाठी बसोन मोठ्याने रडल्या. द्वारकाबाई म्हणाल्या, "पिल्लं आणून देते. नाही आणली तर तोंड दाखवणार नाही."

आणि तैशाच दरबारी गेल्या. विश्रामराव कडाडले, "राज्यात रोग नव्हता! या बाईने आणिला!" बाई हुजुरांस म्हणाल्या, "महाराज, सांगणाऱ्याचं खुराडं रिकामं होतं आणि लपवणाऱ्याचं भरलेलं राहतं. मग खरं कोण सांगेल? जी पहिली सांगेल तिला पहिली पिल्लं द्या. तोवर मी या दारातून जात नाही." हुजुरांनी बहुत टाळाटाळ केली, जेवणास गेले, परत आले, तो बाई तेथेच. मग निरुपाय होऊन गिरजाबाईंस सरकारी उबवणीची पिल्ले देववली, आणि तोच हुकूम साऱ्या दौलतीस लागू जाहला.

तात्पर्य, त्या साली दौलतीत रोगाच्या खबरा मागील सालांहून बहुत अधिक आल्या आणि कोंबड्या बहुत कमी मेल्या. हे कैसे घडले, याची चौकशी विश्रामराव अद्याप करीत आहेत.