स्पष्ट आणि ऐकू येईल असा होकार

नवा नोंदणी कायदा लागू झाला त्या सकाळी विवाह निबंधकांनी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. त्या कायद्यातली दोन कलमं त्यांची होती. सरकारने सूचना मागवल्या तेव्हा बाकीच्या ऑफिसांनी ‘सूचना निरंक’ कळवून हात झटकले होते. यांनी मात्र सगळे रविवार त्यात घातले होते.

पहिलं कलम असं, की वधूवरांनी स्पष्ट आणि ऐकू येईल असा होकार स्वतःच्या तोंडाने द्यावा. मान हलवलेली चालणार नाही. ‘हो हो, तयार आहे ती’ असं मुलीच्या वतीने सांगणारे काका-मामा त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि दर वेळी त्या मुलीची खाली घातलेली मानही. दुसरं कलम असं, की एखाद्या निबंधकाने स्वतःची किंवा नातलगांची नोंद स्वतःच्याच सहीने केली असेल, तर ती कितीही जुनी असली तरी रद्द, आणि तिच्याबरोबर ते लग्नही. आपल्या भाच्यांची लग्नं घरच्या जेवणाच्या टेबलावर नोंदवणाऱ्या एका महाभागासाठी हे कलम होतं.

“साहेब, एक विचारू?” सहायक बाई म्हणाल्या. “तुमच्या लग्नाच्या नोंदीवर सही कोणाची आहे?”

“कोणाची म्हणजे? निबंधकाची.”

“आणि तेव्हा इथे निबंधक कोण होतं?”

साहेबांचं बिस्कीट चहात पडलं. तेव्हा ऑफिसात एकच अधिकारी होता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर होऊन त्याने पहिली सही स्वतःच्याच लग्नाखाली ठोकली होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. धोंडा सरकारकडून मंजूर करून घेणारे हे एकटेच.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“अगं, ऐक. कायद्याने आपलं लग्न झालेलं नाही.”

तिने चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. “नीट धरा. कधीपासून?”

“आज सकाळपासून.”

“कोणी केलं हे?”

“मीच.”

ती हसत सुटली. हसता हसता चादरीवरच बसली.

“त्यात काय एवढं,” ते घाईने म्हणाले, “सोमवारी ऑफिसात यायचं, होय म्हणायचं, की झालं.”

“होय म्हणायचं की नाही, ते मीच ठरवायचं ना?”

“कायद्याने... तसंच आहे.”

“मग मी विचार करून सांगते. त्या वेळी वडील आत येऊन म्हणाले, ठरलं. मला कोणी विचारलंच नव्हतं.”

ती हसतच म्हणाली, पण साहेबांच्या काळजात ते रुतलं. ज्या मुलींसाठी त्यांनी कायदा बदलायला लावला, त्यातली एक इतकी वर्षं आपल्याच घरात राहत होती आणि हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढचे दिवस त्यांचं वागणं बघण्यासारखं होतं. ओला टॉवेल दोरीवर जाऊ लागला. आमटीचं दोनदा कौतुक झालं.

“काय हो, बरं वाटत नाहीये का?” बायकोने कपाळाला हात लावून पाहिला.

परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला आणि बायकोने तो स्पीकरवर टाकला, तेव्हा साहेब दाराआड कान टवकारून उभे होते. “आई, तू नाही म्हणालीस तर बाबा कुठे राहणार गं?”

“बघू. मागची खोली रिकामीच आहे.”

साहेबांचं धाबं दणाणलं. रविवारी त्यांना राहवेना. “काही ठरलं का?”

“उद्या कळेलच की.”

सोमवारी साहेब टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले. ही खुर्ची डुगडुगते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांच्या जागेवर प्रभारी म्हणून सहायक बाई होत्या, आणि त्यांना कामाचं वळण साहेबांनीच लावलं होतं.

“या गृहस्थांशी विवाह करायला तुम्ही स्वखुशीने तयार आहात का?”

बायकोने साहेबांकडे निवांत पाहून घेतलं.

“होय,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “तेव्हा कोणी विचारलं असतं, तरी होयच म्हटलं असतं. मला बघायला आले होते ना, तेव्हा मी आतल्या खिडकीतून पाहिलं होतं यांना. सगळे घरात गेले आणि हे एकटे मागे राहून सगळ्यांच्या चपला सरळ लावत होते.”

सहायक बाईंनी नाक पुसलं. “आणि तुम्ही, साहेब?”

साहेबांनी तोंड उघडलं. घशात आवंढा असा अडकला, की शब्द फुटेना. डोळे वाहायला लागले. त्यांनी मान हलवली, मग आणखी जोरात हलवली.

“साहेब, मान हलवलेली चालत नाही.”

साहेबांनी पुन्हा जोर लावला. नुसतंच ‘हं’ बाहेर पडलं.

“हे स्पष्ट नाही.”

“अहो, लिहून टाका,” बायको मध्ये पडली. “ते तयारच आहेत.”

“काकू, वराच्या वतीने दुसऱ्या कोणाला उत्तर देता येत नाही. साहेबांचंच कलम आहे.” बाईंचा आवाजही जड झाला होता, पण त्या बधल्या नाहीत. “बाहेर लोक खोळंबलेत. पुढच्या सोमवारी या.”

साहेबांनी ओल्या डोळ्यांनीच त्यांच्याकडे अभिमानाने पाहिलं. असंच शिकवलं होतं त्यांनी.

ऑफिसच्या पायऱ्या उतरताना त्यांचा घसा मोकळा झाला. “होय!” ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की रस्त्यावरचा सायकलवाला खाली उतरून मागे बघू लागला.

बायकोने त्यांचा हात धरला. “ऐकलं मी. आता सोमवारपर्यंत जपून ठेवा.”