सरकारच्या चुकांचा डबा

माझी आत्या सरकारच्या चुका गोळा करते. कागदावरच्या नव्हे, नाण्यांवरच्या. टाकसाळीत ठसा सरकलेलं, आकडा अर्धाच उठलेलं असं नाणं गल्ल्यात आलं की ती ते गुपचूप वेगळ्या डब्यात टाकते आणि गिऱ्हाइकाला मूठभर कोथिंबीर जास्त घालते. का, ते सांगत नाही. मंडईत चाळीस वर्षं ती लिंबू-मिरची-आलं विकते आहे. गिऱ्हाइकांचा समज एकच, हौसाबाई लहरी आहे.

"सरकार चुकलं, मी न्हाय चुकले," हे तिचं पालुपद. वजनाबद्दल कुणी कुरकुरलं तरी हेच.

बिनचूक नाण्याचं तिला काडीचं कौतुक नाही. शेजारच्या काकूंनी एकदा आजेसासऱ्यांचा चांदीचा रुपया मोठ्या मानाने दाखवला. आत्याने तो उलटासुलटा केला आणि परत दिला. "बरोबर हाय की हे. मग ठेवून काय करायचं?"

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, आणि पुन्हा विचारलंत तर पुन्हा सांगेन. त्यामुळे आत्याला मी एका नाणेप्रदर्शनात घेऊन गेले, तेव्हा माझी मानही जरा ताठच होती. तिथे भिंग लावून बसलेले एक गृहस्थ होते. आत्याने तिचं सर्वांत लाडकं नाणं पुढे केलं. एका बाजूला सिंह नीट उठलेले, दुसऱ्या बाजूला आकड्याऐवजी तेच सिंह, उलटे आणि आत खचलेले.

"बाई, तुमची मिरची तिखट असेल यात शंका नाही," भिंगवाले म्हणाले. "पण हे कुणीतरी घरी हातोडीने ठोकलंय."

आत्याने नाणं परत घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. घरी वारज्याला येईपर्यंत ती गाठ तिने मुठीतच धरली होती.

मी शिकलेली, म्हणून इलाजही शिकलेल्यांचा काढला. एक कंपनी नाणी तपासायची, अस्सल असली तर कडक पारदर्शक डबीत सील करायची आणि वर नंबराचं लेबल लावायची. कंपनीच्या साइटवर नंबर टाकला की नाण्याची कुंडली दिसायची. इंग्रजी फॉर्म भरून मी अकरा नाणी पाठवली. अकराच्या अकरा अस्सल ठरून आली. पुढच्या प्रदर्शनात भिंगवाल्यांनी लेबल वाचलं, मान डोलावली आणि पुढे गेले.

"ह्यो लेबलच वाचतोय," आत्या म्हणाली. "नाणं बघितलंच न्हाय."

तरी यंदा तिला स्वतःचं टेबल मिळालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि आठ दिवस आधी ती कंपनीच बुडाली. साइट उघडेना, फोन लागेना. नाण्यांना काहीच झालं नव्हतं, पण त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नव्हतं. आयोजकांचा फोन आला, "त्या लेबलवर आता कुणाचा भरवसा नाही. नाणी दुसरीकडून तपासून आणा, नाहीतर टेबल सोडा." दुसऱ्या कंपनीला दोन महिने हवे होते. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. हा शहाणपणा माझाच होता.

आत्याने करवतीचं पातं आणलं. अकरा डब्या कापल्या. "जाऊ आपण," म्हणाली.

प्रदर्शनात तिने नाणी पांढऱ्या फडक्यावर उघडी मांडली. भिंगवाले आले. "हे काय? लेबल नाही, डबी नाही. आम्ही ठरवायचं कशावरून?"

"डोळं हायती न्हवं?"

तिने ते सिंहाचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग पदराच्या गाठीतून आणखी दोन नाणी काढली, चेपलेली, वेडीवाकडी. मीही ती कधी पाहिली नव्हती.

"तुमी ठोकलंय म्हणालात, म्हणून ठोकून बघितली. पंधरा दिस. म्हागनं दुसरं नाणं ठेवून ठोकलं की म्होरच्या सिंहाची नाकं चेपत्यात. ही बघा चेपलेली. आता माझ्या सिंहाची नाकं बघा."

"अहो, चलनी नाणी ठोकणं गुन्हा आहे!"

"सरकारच्या इतक्या चुका मी झाकून ठेवल्या. दोन माझ्या झाकंल की ते."

आजूबाजूला माणसं जमली. भिंगवाल्यांनी नाणं तिरकं धरलं, कड पाहिली, नाकं पाहिली, पुन्हा कड पाहिली. खुर्ची ओढून बसले आणि परत पाहिलं. मग उठले.

"नाणं अस्सल आहे. माझीच चूक झाली होती, बाई." पुणेरी माणसाने चारचौघांत हे म्हणणं केवढं असतं, ते मी वेगळं सांगत नाही. "टेबलावर कार्ड लावू. संग्रहाचं नाव काय लिहायचं?"

आत्याने बटव्यातून कागदाची एक पट्टी काढून फडक्यावर सरळ केली. डबी कापताना तिने लेबल जपून काढलं होतं.

"हे त्या बुडालेल्या कंपनीचं. याला आता काही अर्थ नाही," भिंगवाले म्हणाले.

"नंबर ऱ्हाऊ द्या. नाव घ्या. ते कंपनीनं न्हाय, माझ्या भाचीनं लिवलंय."

फॉर्मवर संग्रहाच्या नावासाठी एक रकाना होता. मी सहज लिहून टाकलं होतं, 'हौसाबाई, मंडई, पुणे.' तेच लेबलवर छापून आलं, आणि मी एकदा तिला ते वाचून दाखवलं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत माघारी आलेली माझी आत्या. रेशनकार्डावर ती शेवटच्या ओळीत, भावाची बहीण म्हणून. गाळ्याच्या परवान्यावर अजून आजोबांचं नाव.

तिला वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. तरी तिने बोट ठेवलं ते बरोबर नावाच्या पहिल्या अक्षराखाली, आणि कार्ड लिहून होईपर्यंत उचललं नाही.