सागवानी जमीन आणि चेलोची अणी

सभागृहात एकशे वीस खुर्च्या, एक पियानो, तीन परीक्षक आणि सागवानाच्या दोनशे अठरा फळ्या होत्या. खुर्च्या कोणीही मोजल्या असत्या. फळ्या मोजल्या होत्या सुतारानं, कारण त्या त्यानंच बसवल्या होत्या आणि परवाच त्यांना शेवटचं पॉलिश दिलं होतं. चेलो घेऊन मंचावर बसलेली मुलगीही त्याचीच. त्यामुळे आज छाती नेमकी कशासाठी फुगवावी, हेच त्याला कळेना.

ऑर्केस्ट्रात चेलोची एकच जागा होती. त्यासाठी मुलीला पियानोवाल्या बाईंबरोबर एक जुना सोनाटा वाजवायचा होता. चार भाग, बत्तीस मिनिटं, आणि रचणाऱ्यानं मनातलं काही म्हणून हातचं राखलेलं नाही.

"बाबा, चेलोच्या बुडाची अणी जमिनीत रुतवावी लागते," ती सकाळीच म्हणाली होती.

"माझ्या फळीत? आधी माझ्या छातीत रुतव!"

तोडगाही त्यानंच काढला. अणीला काठीचं रबरी बूच, आणि तेही घसरू नये म्हणून अणीपासून खुर्चीच्या पायापर्यंत पट्टा. खुर्चीच घसरेल, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. ओरखडे नकोत म्हणून सगळ्या खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवणाराही तोच.

पहिल्या भागात वादळ उठलं. गजाच्या प्रत्येक जोरकस फटकाऱ्यासरशी मुलगी, चेलो आणि खुर्ची असा सगळा संसार बोटभर मागे जाऊ लागला. भाग संपेपर्यंत पियानो दीड मीटर लांब राहिला.

"अगं, कुठं निघालीस?" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मान मोडली माझी तुझ्याकडे बघून!"

"मी कुठं निघालेय? खुर्ची निघालीय!"

सुतार पडद्याआडून धावला. खुर्ची जागेवर आणून तो तिच्यामागे उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. पण पॉलिशवर बूट नकोत म्हणून तो नुसत्या मोज्यांवर होता. दुसऱ्या भागात तोही बरोबर निघाला. एका परीक्षकानं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तिसरा भाग इतका संथ, की खुर्चीसुद्धा ऐकत थांबली. लाकडाचा नाद सुताराच्या तळहातांतून वर चढत होता. कुठं जोर द्यायचा, कुठं नुसतं टेकवायचं, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. रंध्यावर हात बसायला त्याला स्वतःला वीस वर्षं लागली होती.

सूर विरताच त्यानं पट्टा सोडला, बूच उपटलं.

"रुतव."

"बाबा, फळी..."

"फळ्या दोनशे अठरा आहेत. तू एकच आहेस. रुतव म्हणतो ना!"

चौथा भाग तिनं ठाण मांडून वाजवला. जागा तिलाच मिळाली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक पुट्टीचा डबा घेऊन आले. "एवढंसं तर भोक, मिस्त्री. बुजवून टाका."

"हात लावायचा नाही. मुलीचं काम आहे ते."

सुतार गुडघ्यांवर बसला, खिशातून व्हर्नियर काढला आणि भोक मोजलं. तोंडाशी रुंदी तीन मिलिमीटर. खोली साडेचार.